वर्गमुळाची उधारी

सी भाषेत सहा-सात ओळींचा एक प्रोग्रॅम आपण लिहू. वापरणाऱ्याकडून एक संख्या घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि छापायचे, एवढेच त्याचे काम. गणिताची हेडर फाइल वर जोडलेली आहे, अर्धविराम जिथल्या तिथे आहेत. उबुंटूवर जीसीसीला ही फाइल दिली की कंपायलर कुरकुर न करता आपले काम उरकतो आणि अगदी शेवटी ओळ उमटते : 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी'. शेजारचा जाणकार सांगतो, आज्ञेच्या शेवटी 'हायफन एल एम' लाव. लावले की चालते. तीच अक्षरे फाइलच्या नावाआधी लावली, तर पुन्हा तीच एरर. आणखी गंमत म्हणजे संख्या वापरणाऱ्याकडून न घेता थेट दोनचे वर्गमूळ मागितले, तर शेवटी काहीच न लावता प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो. नवशिक्याला हा सगळा लहरी कारभार वाटतो, पण यातली एकही लहर आजची नाही. प्रत्येकीला जन्मसाल आहे आणि जन्मगावही. ते कळले की दुरुस्तीसाठी मंत्र पाठ करावे लागत नाहीत. म्हणून आपण वर्गमुळाचे बोट धरून थोडे मागे जाऊ.

सुरुवात केंब्रिजमधून करणे सोयीचे. ६ मे १९४९ रोजी तिथल्या गणिती प्रयोगशाळेत एडसॅक या यंत्राने पहिला प्रोग्रॅम चालवून वर्गसंख्यांचा तक्ता छापला. मॉरिस विल्क्स हे प्रमुख, डेव्हिड व्हीलर हा त्यांचा तरुण विद्यार्थी आणि स्टॅन्ली गिल हा तिसरा गडी. यंत्राची स्मृती पाऱ्याच्या नळ्यांत साठायची आणि आरंभी तिच्यात जेमतेम ५१२ शब्द मावत. प्रोग्रॅम पाच छिद्रांच्या कागदी फितीवर टोचलेला असे. वर्गमूळ, साइन-कोसाइन, संख्या छापणे ही कामे ज्याने त्याने नव्याने लिहायची म्हणजे वेळ जायचा आणि चुकाही व्हायच्या. म्हणून एकदा तपासून पारखलेल्या सबरुटीनच्या फिती पोलादी कपाटात वर्गवारीने लावून ठेवल्या जात. छपाईच्या फितींना पी, त्रिकोणमितीच्या फितींना टी, मुळे काढणाऱ्यांना एस अशी अक्षरे होती. गणित घेऊन आलेला संशोधक कपाटातून हवी ती फीत काढी, नकल करणाऱ्या यंत्रावर तिची छिद्रे आपल्या फितीवर उतरवून घेई आणि मूळ फीत जागेवर ठेवी. लिंकिंग, म्हणजे सुटे तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणे, हे त्या काळी असे हातांनी करायचे काम होते. एखादी फीत घ्यायची राहिली, तर 'अनडिफाइन्ड' म्हणून सांगणारे कोणी नव्हते. यंत्र भलत्याच जागी उडी मारून भरकटत जाई.

खरी अडचण पुढेच होती. वर्गमुळाचे सबरुटीन एका प्रोग्रॅममध्ये शंभराव्या घरात बसणार आणि दुसऱ्यात तीनशेव्या, पण त्याच्या आतल्या आज्ञा तर घरांचे ठराविक क्रमांक घेऊन बसलेल्या. जागा बदलली की ते सगळे क्रमांक बदलायला हवेत. हे दुखणे आधीही काहींनी ओळखले होते. जॉन मॉकली यांनी जानेवारी १९४७ मध्ये हार्वर्डच्या परिसंवादात सबरुटीनच्या संग्रहाबद्दल आणि पत्ते बदलण्याबद्दल बोलून ठेवले होते. गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी १९४८ च्या अहवालात सुट्या सबरुटीन जोडून देणाऱ्या एका तयारीच्या प्रोग्रॅमची योजनाच मांडली होती. पण ही मंडळी लिहीत होती तेव्हा ते चालवून पाहायला त्यांच्यापुढे तसे यंत्र नव्हते. व्हीलरपुढे होते. १९४९ मध्येच त्याने एडसॅकच्या आरंभीच्या आज्ञांची दुसरी आवृत्ती केली. अवघ्या ४१ आज्ञांचा तो ऐवज टेलिफोन एक्स्चेंजमधल्या स्विचांवर कायमचा बसवलेला असे. फितीवरच्या आज्ञेच्या शेवटी थीटाची खूण असेल, तर हे सबरुटीन जिथून सुरू झाले तो पत्ता त्या आज्ञेत मिळवायचा, ही युक्ती त्याच ४१ आज्ञांत होती. आज ज्याला रिलोकेशन म्हणतात ते हेच. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांच्या १९५१ च्या पुस्तकातून ही पद्धत जगभर गेली. तोवर कपाटात ८७ सबरुटीन जमली होती. माझ्या मते लिंकरच्या इतिहासात एवढ्या कमी जागेत एवढे मोठे काम पुन्हा झाले नाही.

अमेरिकेत ग्रेस हॉपर यांच्यापुढेही तोच प्रश्न होता. हार्वर्डच्या मार्क-१ वर काम करताना त्या आणि त्यांचे सहकारी एकमेकांच्या वह्यांतून सबरुटीन हाताने उतरवून घेत आणि पत्त्यांची बेरीज कागदावर करत. प्रोग्रॅमर बेरजेत कच्चे असतात आणि नकल करण्यात त्याहून कच्चे, हे त्या पुढे जाहीरपणे हसत सांगत. म्हणून १९५२ च्या सुमारास युनिव्हॅकवर त्यांनी ए-० नावाची व्यवस्था चालवली. प्रोग्रॅमरने सबरुटीनचे क्रमांक ओळीने द्यायचे, यंत्राने चुंबकीय फितीवरून ते शोधायचे, पत्ते जुळवायचे आणि एकसंध प्रोग्रॅम तयार करायचा. हॉपर याला कंपायलर म्हणत. आजच्या हिशेबाने तो लिंकर आणि लोडर होता. केंब्रिजमध्ये कपाट उघडून माणूस करायचा ते काम इथे यंत्राकडे गेले.

आता आपण १९५८ मध्ये येऊ, कारण आपल्या एररची खरी कुंडली इथे मांडली गेली. आयबीएम ७०४ वर आदल्याच वर्षी फोरट्रान आली होती. पहिल्या आवृत्तीत सगळा प्रोग्रॅम एका दमात भाषांतरित करावा लागे. दुसऱ्या आवृत्तीने मुभा दिली की सबरुटीन वेगळे कंपाइल करा, त्याचा कार्डांचा गठ्ठा जपून ठेवा आणि हव्या त्या प्रोग्रॅमला जोडा. या मुभेबरोबर कंपायलरची जबाबदारी दुभंगली. समोर वर्गमुळाचा उल्लेख आला, पण ते कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही. मग त्याने वाण्यासारखी वही उघडली. 'वर्गमूळ येणे आहे' अशी उधारी नावानिशी मांडून ठेवायची आणि वसुलीचे काम बीएसएस लोडर नावाच्या दुसऱ्याच प्रोग्रॅमवर सोपवायचे. आज कंपायलर मुकाट्याने पुढे जातो आणि ओरडतो तो लिंकर, त्याचे मूळ या वाटणीत आहे. हेडर फाइल जोडूनही एरर का येते, याचेही उत्तर इथेच मिळते. हेडर फाइल म्हणजे वर्गमूळ नव्हे. असे एक फंक्शन असून ते अमुक प्रकारची संख्या घेते आणि तमुक प्रकारची देते, एवढेच त्यात लिहिलेले असते.

त्या यंत्राची आणखी एक खूण फार काळ टिकली. ७०४ चा शब्द ३६ बिटांचा आणि अक्षर सहा बिटांचे, म्हणून एका शब्दात सहा अक्षरांचे नाव नेमके बसे. फोरट्रानमधली नावे सहा अक्षरांत कोंबलेली दिसतात ती यामुळे. १९८९ च्या सी भाषेच्या अमेरिकी प्रमाणातही बाहेरच्या फाइलींना दिसणाऱ्या नावांत पहिली सहाच अक्षरे वेगळी ओळखली जातील, लहान-मोठ्या लिपीचा भेदही पाळला जाईलच असे नाही, अशी सवलत जुन्या लिंकरांसाठी ठेवावी लागली. ती मर्यादा ३१ अक्षरांवर जायला १९९९ चे प्रमाण यावे लागले.

साठच्या दशकात आयबीएमच्या ओएस/३६० मधला लिंकेज एडिटर हा या घराण्यातला सर्वांत भव्य पुरुष. प्रोग्रॅम मेमरीत मावत नसेल, तर त्याचे तुकडे आळीपाळीने एकाच जागेत आणून बसवण्याची त्याची व्यवस्था इतकी बारकाईने घडवली होती की ती पूर्ण झाली तेव्हा तिची गरजच ओसरत चालली होती. खुद्द ओएस/३६० उभारणाऱ्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात तिला डायनोसॉरांच्या रांगेत बसवले. दुसऱ्या टोकाला मल्टिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम. तिथे उधारी आधी फेडायचीच नव्हती. प्रोग्रॅम चालू झाला, वर्गमुळाचे नाव प्रत्यक्ष घेतले गेले, की त्या क्षणी यंत्र अडखळे, हवा तो सामाईक भाग शोधून जोडी आणि पुढे जाई. ही कल्पना तिच्या काळापेक्षा पुढची आणि तेव्हाच्या यंत्रांना जड होती. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

मल्टिक्समधून बाहेर पडलेल्या बेल लॅब्जच्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभारली ती मात्र अगदी आटोपशीर. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या पहिल्या माहितीपुस्तकात लिंकर 'एलडी' आहे आणि सबरुटीन एकत्र बांधून त्यांची लायब्ररी करणारा 'एआर'ही आहे. तिच्या पीडीपी-११ या यंत्राची मेमरी किलोबाइटांत मोजायची. लिंकरने आख्खी लायब्ररी पोटात घेणे शक्यच नव्हते. म्हणून नियम असा झाला की आज्ञेतली नावे डावीकडून उजवीकडे वाचायची आणि लायब्ररी लागली की तिथल्या तिथे एकदाच चाळायची. त्या क्षणी वहीत जेवढी उधारी थकलेली असेल, तेवढ्याच फाइली तिच्यातून उचलायच्या आणि पुढे सरकायचे. मागे वळून पाहायचे नाही. वर्गमूळ मागणारी फाइल लायब्ररीनंतर आली, तर लायब्ररीपाशी पोचलेल्या लिंकरच्या वहीचे पान कोरे असते. तो काहीच उचलत नाही आणि शेवटी तक्रार करतो. गणिताची लायब्ररी मागणारे 'हायफन एल एम' शेवटी का, याचे उत्तर १९७१ च्या त्या काटकसरीत आहे. गणिताची लायब्ररी मुळात वेगळी ठेवली तीही त्याच युनिक्सच्या दुनियेत. त्या काळच्या यंत्रांत अपूर्णांकांचे गणित करणारे हार्डवेअर असेलच याची खात्री नसे आणि ज्याला गणित नको त्याच्या माथी ते ओझे मारायचे नव्हते.

या एकदाच चाळण्याने लायब्ररीच्या आतही कटकट होती. एका सबरुटीनला दुसरे लागत असेल, तर दुसरे नंतर यायला हवे. मग कोणाला कोण लागते याच्या जोड्या काढणारा 'एलऑर्डर' आणि त्या जोड्यांवरून रांग लावून देणारा 'टीसॉर्ट' असे दोन प्रोग्रॅम आले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'रॅनलिब' होता. तो लायब्ररीच्या तोंडाशी नावांची सूची चिकटवून देई, आणि मग आतल्या रांगेची फिकीर संपली. टीसॉर्ट आजही प्रत्येक लिनक्सवर आहे, पण त्याचा धनी कधीच गेला. आतली रांग सुटली तरी दोन लायब्ररी एकमेकींवर विसंबून असतील तर मात्र एकीचे नाव आज्ञेत दोनदा लिहावे लागते, नाहीतर दोघींना 'स्टार्ट-ग्रुप' आणि 'एंड-ग्रुप' या खुणांमध्ये बसवून लिंकरला पुन्हा पुन्हा चाळायला सांगावे लागते. मेकफाइलमध्ये एकच नाव दोनदा पाहून ते चुकून आले असे समजून खोडणारे पुष्कळ भेटतात. खोडू नये.

आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या पिढ्यांना ही एरर भेटली ती मात्र वेगळ्या वेषात. १९८७ मध्ये बोरलँडने काढलेले टर्बो सी डॉसचे राज्य संपल्यावरही पुण्या-नागपूरपासून कोल्हापूरपर्यंतच्या प्रयोगशाळांत निळ्या पडद्यानिशी टिकून होते. वर्गमुळासाठी तिथे काही जोडावे लागत नसे, गणिताची लायब्ररी ते आपोआप घेई. गाठ पडे ती ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला : 'लिंकर एरर : अनडिफाइन्ड सिम्बॉल अंडरस्कोर इनिटग्राफ'. उपाय सीनिअरकडून ज्युनिअरकडे तोंडी चालत येई. ऑप्शन्समध्ये जा, लिंकर, मग लायब्ररीज, आणि ग्राफिक्स लायब्ररीच्या चौकोनात फुली मार. 'इनिटग्राफ'च्या आधी तो अंडरस्कोर कुठून आला हे कोणी विचारत नसे. पीडीपी-११ वरचा सी कंपायलर आपल्या नावांची असेम्ब्लीत लिहिलेल्या नावांशी टक्कर होऊ नये म्हणून पुढे एक अंडरस्कोर लावी. तोच रिवाज टर्बो सीपर्यंत चालत आला होता. हीच मुले पुढे लिनक्सवर गेली तेव्हा 'हायफन एल एम' त्यांना नवा जाच वाटला, वास्तविक तो टर्बो सीहून थोरला.

नावांवर खरा घाला घातला तो सी प्लस प्लसने. तिथे एकाच नावाची अनेक फंक्शने असू शकतात, एक पूर्णांक घेणारे, दुसरे अपूर्णांक घेणारे. लिंकरला मात्र नुसते नाव कळते, प्रकार कळत नाहीत. भाषेचे कर्ते बियार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी लिंकर न बदलता नावेच बदलली. सीफ्रंट या त्यांच्या कंपायलरच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून घेतलेल्या मूल्यांचे प्रकार सांकेतिक अक्षरांत नावालाच जोडले जाऊ लागले. त्यामुळे प्रकार चुकला की उधारीचे नाव आणि जमेचे नाव जुळत नाही, आणि चूक लिंकिंगच्या वेळीच पकडली जाते. चाल धूर्त होती, पण तिने नव्या एररांची एक पिढीच जन्माला घातली. सी भाषेतली लायब्ररी सी प्लस प्लसमधून मागितली की फंक्शन डोळ्यांसमोर असूनही 'अनडिफाइन्ड', कारण मागणारा चिन्हांकित नावाने मागतो आणि देणाऱ्याकडे साधे नाव असते. घोषणेवर 'एक्स्टर्न सी' लिहिणे हा त्यावरचा उतारा. २०१५ मध्ये जीसीसीच्या पाचव्या आवृत्तीने स्ट्रिंगची आतली मांडणी बदलली आणि नव्या नावांत 'सीएक्सएक्स-११' अशी खूण घातली. त्यानंतर जुन्या कंपायलरने केलेल्या लायब्ररी नव्या प्रोग्रॅमला जोडताना पडदे भरभरून एररी आल्या. त्या ओळींत ही खूण दिसली, तर आज्ञेतला क्रम बदलत बसण्यात अर्थ नाही. लायब्ररी त्याच कंपायलरने पुन्हा बांधायची.

इकडे लायब्ररी प्रत्येक प्रोग्रॅममध्ये नकलून घालण्याची जुनी रीतही मोडत होती. खिडक्या आणि चित्रे दाखवणारे प्रोग्रॅम आले, प्रत्येकात तीच अवजड लायब्ररी, तेव्हा एकच प्रत सगळ्यांनी वाटून घ्यावी ही मल्टिक्सची कल्पना परतली. एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्ह या युनिक्सने १९८६ मध्ये प्रत्येक सामाईक लायब्ररीला मेमरीत कायमची जागा नेमून दिली. १९८८ मध्ये आलेल्या सनओएसच्या चौथ्या आवृत्तीने हा जागेचा हट्ट सोडला. लायब्ररी कुठेही बसू शकेल असा कोड आणि नावे चालताना जुळवणारा लोडर, अशी जोडी तिने आणली. लिनक्सने मात्र आरंभी सिस्टिम फाइव्हची वाट धरली. नवी सामाईक लायब्ररी करायची तर तिच्यासाठी पत्त्यांचा टापू आधी ठरवून घ्यावा लागे, नाहीतर दोन लायब्ररी एकमेकींवर चढत. १९९५ च्या सुमारास ईएलएफ हा प्रोग्रॅमच्या फाइलींचा आराखडा स्वीकारल्यावर तो त्रास थांबला.

इथून एका एररच्या तीन झाल्या आणि आज सर्वांत जास्त घोळ होतो तो त्या एकच समजल्यामुळे. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणजे फोरट्रानच्या काळची थकलेली उधारी : लायब्ररी सांगितलेली नाही, चुकीच्या जागी सांगितली आहे किंवा नावच जुळत नाही. 'कॅनॉट फाइंड हायफन एल अमुक' म्हणजे लायब्ररी सांगितली, पण लिंकरला ती फाइलच सापडली नाही. लिनक्सच्या वितरकांनी चालवण्यापुरती लायब्ररी एका पॅकेजमध्ये आणि कंपाइल करायला लागणारी हेडर फाइल व दुवा दुसऱ्या, 'डेव्ह' शेपटीच्या पॅकेजमध्ये ठेवला. ते दुसरे घातलेले नसते. आणि तिसरी येते सगळे सुखरूप जोडल्यावर, प्रोग्रॅम चालवताना : 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. लिंकरचा इथे दोष नाही. चालताना जुळवणाऱ्या लोडरला लायब्ररी कुठे आहे ते ठाऊक नाही. एलडीकॉन्फिग चालवून त्याची नोंदवही ताजी करायची किंवा 'एलडी लायब्ररी पाथ'मध्ये रस्ता द्यायचा. संशय असेल तेव्हा 'एनएम' ही आज्ञा लायब्ररीवर चालवून नाव तिथे आहे का पाहावे. नावापुढे मोठा यू असेल तर ती लायब्ररी ते नाव देत नाही, उलट तीच मागते आहे.

सामाईक लायब्ररींच्या काळात क्रमाचे महत्त्व खरे तर मावळत चालले होते, कारण एकदा सांगितलेली सामाईक लायब्ररी लिंकर सबंधच हिशेबात धरी. मग २०११ च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटूने ११.१० या आवृत्तीत 'ॲज-नीडेड' हा पर्याय मुळातच चालू ठेवला : तोवर जिची गरज दिसलेली नाही ती लायब्ररी गाळायची. प्रोग्रॅम हलके झाले आणि चाळीस वर्षांपूर्वीचा डावीकडून उजवीकडचा नियम सामाईक लायब्ररींनाही लागू झाला. आपल्या पहिल्या उदाहरणात 'हायफन एल एम' आधी लावून चालत नाही, ते यामुळे. त्याआधी फेडोरा या लिनक्सने १३व्या आवृत्तीत दुसरी गाठ आवळली होती. आपण वापरतो ती लायब्ररी दुसऱ्या लायब्ररीच्या ओळखीने आत आलेली चालणार नाही, तिचे नाव स्वतः सांगा. 'डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन' ही ओळ त्यातलीच. दोन्ही बदल योग्यच होते असे मला वाटते, पण वर्षानुवर्षे चाललेल्या मेकफाइली त्या काळात एका रात्रीत बंद पडल्या.

दोनच्या वर्गमुळाचे कोडे तेवढे राहिले. संख्या आधीच ठाऊक असेल, तर जीसीसी वर्गमूळ स्वतःच काढून उत्तर प्रोग्रॅममध्ये लिहून टाकतो. उधारी मांडलीच जात नाही, मग वसुली कसली?

ऑगस्ट २०२१ मध्ये ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीची २.३४ ही आवृत्ती आली आणि थ्रेडची लायब्ररी मुख्य सी लायब्ररीत विलीन झाली. 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू पीथ्रेड क्रिएट' ही दुसरी घरोघरची एरर तिथे संपली. जुन्या मेकफाइलींत 'हायफन एल पीथ्रेड' लिहिलेले असते म्हणून त्या नावाची एक रिकामी लायब्ररी मागे ठेवली आहे. लिंकर ती उघडतो, आत काही नसते, पुढे जातो. मॅकवर गणितही असेच मुख्य लायब्ररीतून मिळते, म्हणून तिथे लिहिलेला प्रोग्रॅम काही न जोडता चालतो आणि लिनक्सवाल्या मित्राकडे गेला की अडतो. ग्लिबसीने गणिताची लायब्ररी मात्र अजून वेगळीच ठेवली आहे. तिच्यासाठी 'हायफन एल एम' लिहावेच लागते, आणि तेही शेवटी.